मनमाड : स्टेशन सगळ्यांना माहीत, गावाचं काय?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नाशिक शहरावर इथे धाग्यांची कमी नाही, मिसळ, द्राक्षं, सिंहस्थाचे रस्ते, सगळं चघळून झालंय. जिल्ह्यातल्या बाकी गावांवर मात्र कोणी बोलत नाही म्हणून मीच सुरुवात करते, आणि मनमाडपासून करते कारण माझं सासर तिथलं, माहेर नाशिकरोड. मनमाड म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "हो हो जंक्शन ना, रात्री गाडी बदलली होती तिथे." बास. स्टेशनच्या बाहेर पडलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

तर आधी जागा. मुंबईपासून रेल्वेने २६० किलोमीटर, नाशिकरोडहून सत्तरेक. दक्षिणेला सातमाळ्याची रांग आडवी पसरलीये, त्यात अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आणि तो हडबीच्या शेंडीचा सुळका, जो गाडीच्या खिडकीतून बघून सगळे "अरे तो अंगठा बघ" करतात. अंकाईजवळ डोंगरात जागा सापडली म्हणून रेल्वेची लाईन दक्षिणेला उतरू शकली. मुंबई-भुसावळ लाईन १८६० च्या दशकात आली, दौंडची १८७८ ला जोडली आणि १९०० च्या आसपास निजामाची मीटरगेज (अरुंद रुळांची) लाईन हैदराबादकडून येऊन इथे टेकली. म्हणजे गाव आधी आणि स्टेशन नंतर असं नाही, आज जे शहर दिसतं ते स्टेशनामुळेच वाढलं.

आता माझा मुद्दा. लग्न होऊन गेले तेव्हा सासरे, दीर, शेजारीपाजारी सगळे एकच बोलायचे की मनमाड पूर्वीसारखं राहिलं नाही. मला वाटायचं सगळ्याच गावातले म्हातारे असंच बोलतात. पण हळूहळू लक्षात आलं की यात हिशोब आहे. मनमाडचं पोट लोकांच्या खोळंब्यावर चालायचं. गाडी बदलायची, माल उतरवायचा, शिर्डीला जायची जीप बघायची, तोवर चहा, नाश्ता, लॉज, धर्मशाळा. जसजसा देशातल्या लोकांचा खोळंबा कमी झाला तसतसं मनमाड कोरडं पडत गेलं. शिर्डीला स्वतःचं स्टेशन २००९ ला झालं, विमानतळ २०१७ ला, त्याआधी साईभक्त मनमाडलाच उतरायचे आणि बाहेर जीपवाल्यांची ओरडाओरड असायची "शिर्डी शिर्डी शिर्डी". २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत मनमाडवरून जाते पण थांबत नाही. प्रवाशांचं भलं झालं, त्यात वाईट वाटायचं काही नाही, पण गावाने मग खायचं काय हा प्रश्न कोणी विचारला नाही. मनमाडकर किंवा मनमाडशी संबंध असलेले कोणी आहेत का इथे? लिहा.

निवृत्त_गार्ड
ताई मुद्द्याचं लिहिलंत. खोळंब्याबद्दल म्हणाल तर खरा खोळंबा मीटरगेजचा होता, शिर्डी नंतरची. मुंबईकडून ब्रॉडगेजचा (रुंद रुळांवरचा) डबा यायचा आणि औरंगाबाद, जालना, परभणीकडे मीटरगेज. डबा पुढे जाऊच शकत नाही मग काय करणार, सगळा माल एका गाडीतून काढून दुसरीत भरायचा. खत असो सिमेंट असो धान्य असो, प्रत्येक पोतं मनमाडला माणसाच्या पाठीवरून जायचं. त्यावर हमाल जगले, मुकादम जगले, हुंडेकरी (मालवाहतुकीचे दलाल) तर श्रीमंत झाले, आणि त्या सगळ्यांच्या जिवावर किराणावाले, खानावळी. नव्वदीच्या सुरुवातीला औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज झालं. मराठवाड्याने कित्येक वर्षं मागणी केली होती आणि त्यांची मागणी शंभर टक्के बरोबर होती, थेट मुंबई मिळाली त्यांना. पण मनमाडच्या मालधक्क्यावरचं ते पोतं उचलायचं काम एकदम संपलं. कोणाला नोटीस नाही काही नाही, कारण ते कोणाच्या पगारपत्रकावर नव्हतेच.

दुसरं म्हणजे रेल्वेचं वर्कशॉप. १९०६ चं आहे, पुलाचे लोखंडी गर्डर बनवतं. मध्य रेल्वेच्या पुलांवरून जाताना खाली जे लोखंड असतं त्यातलं कितीतरी मनमाडच्या माणसांच्या हातचं आहे हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा. वर्कशॉप आजही आहे पण माणसं तेवढी राहिली नाहीत, रिटायर झालेल्याच्या जागी भरती नाही आणि बरीच कामं ठेक्यावर.

नाशिककर_बंडू
वाचतोय. एक बेसिक प्रश्न, मनमाडला खायला खास काय मिळतं?

गोदाकाठची
@नाशिककर_बंडू मला वाटलंच होतं पहिला प्रश्न हाच येणार 😀 गुरुद्वाऱ्यात लंगर मिळतो, जा आणि पंगतीत बसा.

पासधारक_एस१
मी जन्माने मनमाडकर, नोकरी नाशिकला सातपूरमध्ये, म्हणजे माझं आयुष्य पंचवटी एक्सप्रेसमध्ये गेलं असं म्हणायला हरकत नाही. १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झालेली गाडी. पहाटे सहाच्या सुमारास मनमाडहून निघते, त्यासाठी घरात पाच वाजता कुकरची शिट्टी होते, आणि हे एका घरात नाही गल्लीच्या गल्लीत. आमच्या पासधारकांच्या डब्यात पत्ते नाहीत, मोठ्याने गाणी नाहीत, स्वच्छता आम्हीच ठेवायची, बाहेरचा माणूस चढला की आधी बिचकतो.

पण मुद्दा असा की ताई तुम्ही म्हणता गाव खोळंब्यावर जगायचं, ते खरं, पण आता गाव कशावर जगतं तर आमच्यासारख्या जाणाऱ्या-येणाऱ्यांवर. पगार नाशिकचा किंवा मुंबईचा आणि किराणा मनमाडचा, घर मनमाडचं, पोरांची शाळा मनमाडची, कारण नाशिकमध्ये फ्लॅट घ्यायचा म्हणजे हप्त्यात आयुष्य जाणार. ही गाडी म्हणजे आमची एमआयडीसी आहे. म्हणून पंचवटी उशिरा सुटली किंवा तिचं टायमिंग बदलायचं, ती पुढे जळगावपर्यंत न्यायची असं नुसतं कानावर जरी आलं ना तरी गावात मोर्चा निघतो, बाहेरच्याला कळत नाही एवढं काय. गोदावरी एक्सप्रेस बघा, ती पण आमची गाडी होती, कोविडनंतर ती पूर्वीसारखी राहिलीच नाही आणि धुळ्याहून येणारी गाडी आली. धुळ्याहून भरून आलेल्या गाडीत मनमाडला चढून जागा मिळवून दाखवा.

येवलेकर
धागा चांगलाय पण मनमाडकरांचं रडगाणं जरा जास्त होतंय असं नाही वाटत? आमच्या येवल्यात स्टेशन आहे तरी कोणी विचारत नाही, पण माग आहेत, पैठणी आहे, गिऱ्हाईक स्वतः गाडी करून येतं. मनमाडने स्वतःचं काय उभं केलं? बाजार समिती आहे पण कांदा म्हटलं की नाव लासलगाव, पिंपळगावचं. रेल्वे दिल्लीची, एफसीआय (सरकारी धान्य महामंडळ) दिल्लीचं, तेल कंपन्या दिल्लीच्या. सगळं वरून आलेलं.

निवृत्त_गार्ड
येवलेकर भाऊ, माग आणायला तुमच्याकडेही विणकर बाहेरूनच आले होते हो. ते रुजले एवढाच फरक. आणि रुजायला पाणी लागतं, ते तुमच्याकडे कालव्याचं आहे.

सातमाळा_भटक्या
पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो कारण यात भूगोलाची एक गंमत आहे जी मला डोंगर फिरताना कळली. अंकाईवर चढून अगस्ती ऋषींच्या मंदिरापाशी उभं राहायचं. दक्षिणेला जो उतार दिसतो तिकडचं पाणी गोदावरीला जातं. उत्तरेला मनमाड, तिथली पांझण नदी, आणि गावातलीच ती रामगुळणा, हे पाणी जातं गिरणेला आणि गिरणा तापीला. म्हणजे एकाच रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरात आणि पलीकडे पडलेला अरबी समुद्रात. सातमाळा ही पाणी वाटणारी रांग आहे. आणि मनमाड बरोबर तिच्या कुशीत, नदीच्या उगमाच्या बाजूला, जिथे नदी अजून नदी झालेलीच नसते, त्यात पर्जन्यछायेचा पट्टा. पाणी साठणार कुठून?

म्हणून मनमाड वर्षानुवर्षं जे पाणी पीत आलंय ते मुळात स्वतःच्या खोऱ्यातलं नाहीच. कादवेवरचं पालखेड धरण, दिंडोरी तालुक्यातलं, तिथून डावा कालवा, कालव्याला आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं की पाटोद्याच्या साठवण तलावात पाणी घ्यायचं, तिथून पंप करून वाघदर्डी धरणात आणायचं आणि तिथून गावाला. गोदावरी खोऱ्यातलं पाणी डोंगर चढवून तापी खोऱ्यात. यात वीज गेली, आवर्तन लांबलं, वर कोणी डोंगळे (चोरून टाकलेले पाईप) लावून कालव्यातून पाणी खेचलं, काहीही झालं की शेवटच्या टोकाला मनमाड. रेल्वे आली तेव्हा इंजिनं वाफेवर, त्यांना पाणी रोजच्या रोज हवं, म्हणून रेल्वेने स्वतःची सोय वेगळी केली. गावाची कोणी केली नाही.

जाता जाता, अंकाईला जाणाऱ्यांनी टंकाईच्या पोटातली जैन लेणी चुकवू नका, सगळे धावत वर जातात आणि खालीच खरं कोरीवकाम आहे.

येवलेकर
साठवण तलाव आमच्या पाटोद्यात आहे हे लिहिल्याबद्दल आभार 😄

माहेर_मनमाड
पाण्यावर भटक्या दादांनी नकाशा सांगितला, मी घरातलं सांगते. माझं लहानपण मनमाडचं, आता इंदिरानगरला असते. उन्हाळ्यात पंधरा पंधरा वीस वीस दिवसांनी नळ यायचा. नाशिकच्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटतं मी तास म्हणायच्या ऐवजी दिवस म्हणाले. घर बांधताना आधी जमिनीखालच्या टाकीचा खड्डा, मग जोतं. लग्न जमवताना मुलीकडचे विचारायचे टाकी केवढी आहे, हसू नका खरंच विचारायचे. पाणी सुटणार कधी ही बातमी गल्लीत फिरायची आणि त्या रात्री कोणी झोपायचं नाही, पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, शेवटी पातेली आणि पोह्यांचे डबेसुद्धा. टँकरवाल्यांचा धंदा जोरात. कामवाली बाई भांड्यांना येण्याआधी विचारायची ताई पाणी आहे ना. पाहुणे येणार म्हटलं की आनंद नंतर, आधी आईचं लक्ष टाकीकडे. मला आजही नाशिकमध्ये कोणी नळ चालू ठेवून दात घासला की मी बंद करून येते, नवरा वैतागतो.

करंजवण धरणावरून थेट पाईपलाईनची योजना ही मोठी गोष्ट आहे, तिच्यासाठी लोकांनी किती आंदोलनं केलीत. उद्योग येत नाहीत, एमआयडीसी वाढत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं. पाणी नसलेल्या गावात कारखाना कोण टाकेल?

पानेवाडी_रोड
कोणी तेलाबद्दल बोलेना म्हणून मी. मनमाडच्या बाहेर पानेवाडी आणि नागापूरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, गॅस भरायचा प्लांट आहे. मुंबईहून भारत पेट्रोलियमची पाईपलाईन मनमाडला येते आणि पुढे मध्य प्रदेशातून दिल्लीजवळ बिजवासनपर्यंत जाते. खान्देश, मराठवाड्यातल्या कितीतरी पंपांवरचं डिझेल पेट्रोल आमच्या गावातून टँकरने जातं. जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी स्टेअरिंग सोडलं तेव्हा एका दिवसात पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा नाशिकवाल्यांना मनमाड आठवलं. बाकी वर्षभर कोण आठवतं.

टँकर म्हणजे फक्त ड्रायव्हर नाही, क्लीनर, गॅरेज, टायर पंक्चरवाले, ढाबे, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, फायनान्स, इन्शुरन्स एजंट, हजारो घरं आहेत त्यावर. येवलेकर म्हणतात स्वतःचं काय उभं केलं, तर हे केलं भाऊ. डेपो दिल्लीने टाकला, गाड्या आम्ही घेतल्या कर्ज काढून.

काळी बाजू पण आहे ती लपवत नाही. जिथे तेल तिथे भेसळ. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीजवळ रॉकेलची भेसळ पकडली आणि त्यांना तिथेच जाळून मारलं. दुसऱ्या दिवशी २६ जानेवारी. देशभर गावाचं नाव झालं ते असं. त्यानंतर बरेच दिवस मनमाडचा आहे म्हटलं की लोक तेच विचारायचे. त्यात माझ्यासारख्या प्रामाणिक धंदा करणाऱ्याने काय उत्तर द्यायचं?

बुधलवाडीकर
माणसांबद्दल कोणीच लिहिलं नाही. रेल्वेमुळे इथे सगळीकडचे लोक आले. तमिळ, तेलुगू, पंजाबी, उत्तरेकडचे, गोव्याचे ख्रिश्चन. रेल्वे कॉलनीत एका भिंतीपलीकडे इडलीचं वाटण आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे चिंचगुळाची आमटी. बाजारात हिंदी, घरात मराठी, मालेगाव नांदगावकडचा पाहुणा आला की अहिराणी. गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे, नांदेडला हुजूर साहिबला जाणारे शीख यात्रेकरू इथे थांबतात. दिवाळीला चर्चवाल्या काकूंकडे फराळ आणि नाताळला त्यांच्याकडून केक, हे आम्हाला कोणी ऐक्य म्हणून शिकवलं नाही, क्वार्टरच तशी जवळ जवळ होती.

आणि एक गोष्ट जी नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची बाबासाहेबांची धर्मांतराची घोषणा सगळे सांगतात, योग्यच आहे. पण १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या (आजच्या मध्य रेल्वेआधीची कंपनी) अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. तिथेच त्यांनी सांगितलं की या देशातल्या कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रेल्वेत अस्पृश्यांना गँगमन (रुळांची डागडुजी करणारे) म्हणूनच ठेवायचे, पोर्टरसुद्धा करायचे नाहीत कारण स्टेशनमास्तरच्या घरचं काम त्याच्याकडून चालणार नाही, असले प्रकार त्यांनी त्या भाषणात उघडे केले. हे भाषण मुंबईत नाही, पुण्यात नाही, मनमाडला झालं, कारण ऐकणारे कामगार मनमाडला होते. माझे आजोबा गँगमन होते. त्यांचा मुलगा रेल्वेतच खलाशी (मदतनीस), नातू म्हणजे मी बँकेत. रेल्वेने आम्हाला पोट भरण्यापलीकडे बरंच दिलं, म्हणून ताईंचं खोळंब्याचं गणित मला अर्धंच पटतं.

गोदाकाठची
@बुधलवाडीकर दादा, हे अर्धं मान्य. माझ्या सासऱ्यांच्या पिढीचीही हीच कथा. पण म्हणूनच भीती वाटते. ती शिडी होती पक्क्या नोकरीची. आता त्याच कामाला ठेकेदाराची पोरं बारा-बारा हजारावर आहेत, त्यांचा नातू बँकेत कसा जाणार?

मोसमकाठ
मालेगावहून. एक विचारतो, रागावू नका. मनमाड एवढं मोठं, २०११ ला लोकसंख्या ८० हजारांच्या घरात, तरी तालुका नांदगाव! सातबारा, दाखले, सगळ्यासाठी नांदगाव आणि जिल्हा नाशिक. मग मालेगाव जिल्हा झाला तर तुमचं सोपंच होईल की, विरोध का करतात मनमाडवाले?

पासधारक_एस१
कारण आम्ही रोज नाशिकला जातो दादा, मालेगावला नाही. कॉलेज, दवाखाना, नोकरी, कोर्ट सगळं त्या लाईनवर. मालेगावला रेल्वेच नाही. आधी मनमाड तालुका करा, मग जिल्ह्याचं बघू.

मोसमकाठ
रेल्वे येतेय ना! मनमाड-इंदूर, सप्टेंबर २०२४ ला केंद्राने मंजूर केली, ३०९ किलोमीटर, १८ हजार ३६ कोटी, मालेगाव धुळे शिरपूर सेंधवा करत. मग आम्ही तुमच्याकडे गाडी बदलायला येऊ 😀

माहेर_मनमाड
ती लाईन माझ्या आजोबांच्या काळापासून "येतेय".

पानेवाडी_रोड
आली तर चांगलंच. सध्या इंदूर-पुणे रस्त्याची सगळी अवजड वाहतूक गावाच्या मधून जाते. नोव्हेंबर २०२३ ला रेल्वेवरच्या उड्डाणपुलाचा भाग ढासळला तेव्हा गावाचे दोन तुकडे झाले, अलीकडचा पलीकडे जायचा म्हणजे केवढा फेरा. तेव्हा कळलं की एवढ्या मोठ्या जंक्शनला आरपार जायला धड रस्ते किती कमी आहेत.

निवृत्त_गार्ड
इंदूर लाईनबद्दल माझं मत वेगळं आहे. नुसत्या गाड्या वाढून गावाला काही मिळत नाही हे आपण शिर्डीच्या वेळी बघितलं. इंदूरची गाडी मनमाडला येऊन दोन मिनिटांत पुण्याकडे निघाली तर फक्त आवाज वाढेल. मिळवायचं असेल तर गाड्यांचा मेंटेनन्स इथे आणा, ड्रायव्हर-गार्डची ड्युटी इथे बदलू द्या, मालाचं टर्मिनल इथे करा, म्हणजे पोरांना काम. एफसीआयची गोदामं बघा, पंजाबच्या गव्हाची रॅक (मालगाडी) आली की आजही हमालांना काम मिळतं कारण माल इथे उतरतो. उतरतो हा शब्द महत्त्वाचा. हे आत्ता, जमीन मोजणी चालू असताना मागायचं असतं, उद्घाटनाच्या दिवशी निवेदन देऊन उपयोग नाही.

गोदाकाठची
काका, हे नीट मुद्दे करून लिहून द्याल का? सासरी प्रवासी संघटनेत ओळखीचे आहेत, त्यांना देते. पाण्याची अट पण घाला त्यात, मेंटेनन्स म्हणजे डबे धुवायला पाणी लागणार आणि ते गावाच्या वाट्यातून जायला नको.

निवृत्त_गार्ड
देतो. रविवारपर्यंत खाजगी निरोप करतो. पासधारक, तुम्ही गाड्यांच्या वेळांचा तक्ता द्या, माझ्याकडचा जुना आहे.

पासधारक_एस१
उद्या गाडीत बसल्यावर टाकतो.

नाशिककर_बंडू
मी पण आलो असतो पण लंगर किती वाजता असतो ते आधी सांगा.